फिरकीचा सराव हवा की नको?

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत विमानोड्डाणावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. शाळेचा इतिहास, संस्थापकांच्या आठवणी, गुणवंतांचा सत्कार हे स्मरणिकेचे नेहमीचे विषय. परंतु गेल्या काही वर्षांत वसतिगृहातील मुलामुलींना 'पुढे काय होणार?' असे विचारले असता डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर या ठरलेल्या उत्तरांबरोबर 'पायलट' हे उत्तरही ऐकू येऊ लागले आहे. त्यांचे पालक आम्हास दोन प्रश्न विचारतात. पहिला खर्चाचा, दुसरा जिवाचा. खर्चाविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. जिवाविषयीच्या प्रश्नाला मात्र 'काही होत नाही हो' या एका वाक्यात वाटेला लावले जाते. आमच्या मते या प्रश्नाला नीट उत्तर द्यावयास हवे, आणि ते देण्यासाठी उड्डाण-प्रशिक्षणातील एकच धडा पुरेसा आहे. तो धडा म्हणजे 'स्पिन', अर्थात विमानाची फिरकी.

आम्ही इतिहासाचे शिक्षक, विमान चालविलेले नाही. पण ज्या विषयात माणसे मरत गेली, मग कोणीतरी ती का मरतात याचा शोध घेतला, आणि पुढे तो शोध नव्या पिढीला शिकवावा की नाही यावर वाद झाला, तो विषय इतिहासाचाही आहे.

प्रथम फिरकी म्हणजे काय ते पाहू. विमान हवेत राहते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या आधाराने. वैमानिक नाक वर उचलत गेला की पंख आणि समोरून येणारी हवा यांमधील कोन वाढतो. साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंत हा कोन वाढविता येतो. त्यापुढे पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटते, फाटते, आणि पंखाची उचलण्याची शक्ती एकाएकी घटते. यास 'स्टॉल' म्हणतात. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मोटारगाडीचे इंजिन बंद पडले की आपण 'गाडी स्टॉल झाली' असे म्हणतो. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. इंजिन पूर्ण ताकदीने धडधडत असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

आता अशा क्षणी विमान सरळ नसून किंचित कलते घसरत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक स्टॉल होतो. तो खाली जातो आणि मागे ओढला जातो. दुसरा पंख त्यामानाने थोडा अधिक उचलत राहतो. ही विषमता स्वतःच स्वतःला पोसते आणि विमान नाक खाली करून स्वतःभोवती गरगरत उतरू लागते. लहान प्रशिक्षण विमानात एका गिरकीला तीनेक सेकंद लागतात आणि तेवढ्यात काहीशे फूट उंची जाते. समोरच्या काचेत आकाश नसते, फक्त फिरणारी जमीन असते.

या अवस्थेत माणसाचा हात काय करतो? जमीन अंगावर येत आहे असे दिसताच तो दांडा छातीकडे ओढतो, म्हणजे नाक वर करू पाहतो. एक पंख पडला आहे असे जाणवताच दांडा उलट बाजूला लोटून पंख सरळ करू पाहतो. या दोन्ही कृती स्वाभाविक आहेत, आणि दोन्ही घातक आहेत. दांडा ओढला की कोन वाढलेलाच राहतो व स्टॉल सुटत नाही. पंख सरळ करावयास गेले की पडलेल्या पंखाचा कोन आणखी वाढून बहुधा फिरकी घट्ट होते. सुटकेची रीत उलटी आहे. इंजिनाची शक्ती कमी करावी, दांडा आडव्या दिशेने मध्यावर आणावा, फिरकीच्या विरुद्ध बाजूचा रडर पायाने पूर्ण दाबावा, आणि मग दांडा पुढे, म्हणजे जमिनीच्या दिशेने, ढकलावा. गिरकी थांबली की पाय सैल करून हळूहळू विमान सरळ करावे. प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत यात थोडाफार फरक असतो व ती पुस्तिकाच प्रमाण मानावयाची असते. मुद्दा असा, की जमीन समोर दिसत असताना दांडा जमिनीकडे ढकलणे हे पुस्तकात वाचून समजते, पण हाताला ते वाचून येत नाही.

याच ठिकाणी 'स्पायरल' नावाच्या दुसऱ्या घसरणीचा उल्लेख करावा लागेल, कारण नवशिक्याला दोन्ही सारख्याच वाटतात. स्पायरलमध्येही विमान वळत-वळत खाली जाते, पण तेथे पंख स्टॉल झालेला नसतो आणि वेग क्षणाक्षणाला वाढतो. फिरकीत वेगमापक काटा कमी आकड्यावर घुटमळत राहतो. स्पायरलमधून निघण्यासाठी पंख सरळ करावयाचे असतात, आणि फिरकीत तेच करावयाचे नसते. ओळखण्यात चूक झाली तर उपायच अपाय ठरतो. म्हणूनच फिरकी 'समजावून सांगणे' आणि 'दाखविणे' यांत आम्ही फरक करतो.

विमानयुगाच्या आरंभी फिरकीत सापडलेला वैमानिक बहुधा वाचत नसे. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या माळरानावर विल्फ्रेड पार्क या नौदल अधिकाऱ्याचे विमान फिरकीत गेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याने दांडा ओढून पाहिला, रडर फिरकीच्याच दिशेने दाबून पाहिला, काही झाले नाही. शेवटी जमीन अगदी जवळ आली असता त्याने रडर उलट दिशेने पूर्ण दाबला आणि विमान सरळ झाले. उतरल्यावर त्याने काय केले ते नीट सांगितले, आणि त्याची नोंद झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या एका अपघातात तो मृत्यू पावला, पण नोंद राहिली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे पहिल्या महायुद्धात फार्नबरो येथील कारखान्यात फ्रेडरिक लिंडमन या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने याचा शास्त्रीय छडा लावला. गणित कागदावर मांडून तो थांबला नाही. स्वतः विमान चालविण्यास शिकला, विमान मुद्दाम फिरकीत घातले आणि गरगरत असताना उपकरणांवरील आकडे टिपले. असे धैर्य दुर्मीळ. याच लिंडमनने पुढे चर्चिलचा सल्लागार म्हणून १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भारताकडे धान्याची जहाजे वळविण्यास विरोध केला, हेही आपल्या वाचकांस ठाऊक असावे. एका कामातील निर्भयता दुसऱ्या कामातील माणुसकीची हमी देत नाही.

त्याच सुमारास, १९१७ मध्ये, रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट येथे प्रशिक्षकांची शाळा काढून शिकविण्याची रीतच बदलली. तोपर्यंत विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवणे म्हणजे चांगले शिक्षण असे मानले जाई. स्मिथ-बॅरीने विद्यार्थ्याला प्रशिक्षकासह मुद्दाम धोक्याच्या अवस्थेत नेऊन तीतून बाहेर पडावयास शिकविले. फिरकी त्यातच आली.

आता आपल्या मातीकडे येऊ. मराठी माणूस विमानाविषयी बोलू लागला की बहुधा १८९५ साली चौपाटीवर उडाल्याचे सांगितल्या जाणाऱ्या विमानाची कथा निघते. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देण्यात येतो त्यातील आकृत्या उडण्यास असमर्थ आहेत असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. वर्गात ही कथा सांगणाऱ्यांनी डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव का सांगू नये, असा आमचा प्रश्न आहे. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेला हा मनुष्य जर्मनीत गोटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूस विमानाचा कारखाना काढला, तेथे तो दाखल झाला, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या प्रशिक्षण विमानाचा आराखडा त्याच्या नेतृत्वाखाली तयार झाला. ते विमान म्हणजे एचटी-२. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. पूर्ण धातूचे, एकापुढे एक अशी दोन आसने असलेले, कलाबाजी करू शकणारे छोटे विमान. अशी सुमारे १७० विमाने बांधली गेली आणि तीन दशकांहून अधिक काळ हवाई दलातील मुले त्यांवर पहिले धडे गिरवीत राहिली.

त्या धड्यांची एक जागा आपल्यापासून फार दूर नाही. परभणीहून परळी, लातूर रोड, उदगीर, भालकी असा रेल्वेने प्रवास केला की बीदर येते. १९५६ पर्यंत आपण आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होतो. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर बीदर जिल्ह्याचेच. राज्यपुनर्रचनेत सीमा पडली, पण तेथील मराठी बोलणे थांबले नाही आणि सोयरिकीही थांबल्या नाहीत. या बीदरला साठच्या दशकापासून हवाई दलाचे प्राथमिक उड्डाण-प्रशिक्षण चालत आले. एचटी-२ तेथे होते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'सूर्यकिरण' या कलाबाजी पथकाचे घरही बीदरच. आपल्या भागातील कोणी आकाशात लहान विमान गिरक्या घेताना पाहून 'पडले, पडले' असे ओरडला असेल, तर पुष्कळदा ते पडत नसून शिकत होते.

फिरकी हा केवळ विद्यार्थ्याचाच धडा नाही, तो विमानाचीही परीक्षा घेतो. प्रशिक्षण विमान फिरकीत गेले पाहिजे, तेथे ठराविक रीतीने वागले पाहिजे, आणि ठराविक उपाय करताच बाहेर आले पाहिजे. हे न साधणारे विमान मुलांच्या हाती देता येत नाही. एचजेटी-३६ या जेट प्रशिक्षण विमानाचे उदाहरण घ्यावे. मार्च २००३ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. देखणे विमान, वेळेत उडाले, सर्वत्र कौतुक झाले. पण स्टॉल व फिरकीतील त्याचे वर्तन समाधानकारक नव्हते. वर्षामागून वर्षे गेली. अखेर त्याचे उभे शेपूट मागे सरकविण्यात आले, रडर वाढविण्यात आला, फिरकी न सुटल्यास उघडावयाचे खास पॅराशूट शेपटाला बसविण्यात आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये डावीकडे सहा व उजवीकडे सहा गिरक्या घेऊन विमान सुखरूप बाहेर येते हे सिद्ध झाल्याचे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जाहीर केले. पहिल्या उड्डाणानंतर जवळजवळ एकोणीस वर्षांनी! या विलंबाची वर्तमानपत्रांतून पुष्कळ टिंगल झाली. उशीर झाला हे खरेच. परंतु ज्यांनी ते विमान 'चालेल तसे' म्हणून वैमानिकांच्या गळ्यात मारले नाही, त्यांच्याविषयी आम्हास आदर वाटतो. एवढा काळ थांबण्याचे कारण एकच होते, की शिकणाऱ्या मुलाला फिरकी शिकविल्याशिवाय सोडावयाचे नाही हे हवाई दलाने धरून ठेवले होते. मे २०१६ मध्ये प्रथम उडालेल्या एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानालाही सहा गिरक्यांची हीच कसोटी द्यावी लागली. हवाई दलाने त्यापैकी ७० मागविली आहेत, आणि त्यांच्या बांधणीची दुसरी साखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नाशिकला सुरू झाली.

हे झाले हवाई दलाचे. नागरी प्रशिक्षणाची गोष्ट निराळी आहे, आणि आमचा आक्षेप तेथेच आहे.

अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी असलेली फिरकीची सक्ती काढून टाकली. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला ती ठेवली, इतरांना स्टॉल ओळखणे व टाळणे शिकविले म्हणजे पुरे असे ठरविले. पुढे ब्रिटननेही तीच वाट धरली. यामागील युक्तिवाद वरवरचा नव्हता. एक, सरावातच माणसे दगावत होती. दोन, जीवघेण्या फिरक्या बहुधा धावपट्टीवर उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात लागतात. वैमानिक वळण चुकवितो, ते ओढून-ताणून पुरे करू पाहतो, कलते वळण घेताना स्टॉलचा वेग वाढतो (४५ अंशांच्या कलाला तो सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो), आणि पाचसातशे फुटांवर विमान गरगरते. तेवढ्या उंचीवर सुटकेची रीत अचूक ठाऊक असली तरी उपयोग नसतो. मग उपयोग नसलेली गोष्ट धोका पत्करून का शिकवावी? या विचाराचा पुढे विमानांवरही परिणाम झाला. आज अनेक प्रशिक्षण संस्थांत दिसणारे डायमंड डीए-४० हे आधुनिक, चांगले विमान आहे, पण त्यात जाणूनबुजून फिरकी घेण्यास मनाई आहे. गोंदियाजवळच्या बिरसी येथील प्रशिक्षणातही हेच विमान वापरात राहिले आहे. म्हणजे प्रशिक्षकाची इच्छा असली तरी त्या विमानात तो फिरकी दाखवू शकत नाही. जुन्या सेसना १५२ मध्ये ती घेता येते, पुस्तिकेतील वजनाच्या व समतोलाच्या अटी पाळून.

आपल्या शाळेतून दहावी झालेल्या आणि पुढे व्यावसायिक परवाना मिळविलेल्या एका माजी विद्यार्थ्याशी आमचे यावर बोलणे झाले. तो म्हणाला, "सर, स्पिनवर आम्हाला प्रश्न यायचे, उत्तरं पाठ होती. विमानात स्टॉलपर्यंत गेलो. स्पिन मी आजपर्यंत व्हिडिओतच पाहिलाय." तो ज्या संस्थेत शिकला तिचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याच्या घरची दोन एकर जमीन त्या परवान्यात गेली आहे, एवढे मात्र लिहून ठेवतो.

फिरकी टाळावयास शिकविणे श्रेष्ठ, हे आम्हास मान्य आहे. पाचशे फुटांवर फिरकीचा सराव कोणास वाचवीत नाही, हेही मान्य आहे. परंतु ज्याने फिरकीचा आरंभ कधी अंगावर घेतलेला नाही, त्याने तो ओळखावा कसा? दांडा सैल लागणे, विमानाचे थरथरणे, बसल्या जागी एका बाजूस ओढ लागणे, पंख पडण्यापूर्वीचा तो अर्धा क्षण. हे शब्द आम्ही वाचून लिहीत आहोत, वाचकही वाचूनच जाणतात. वैमानिकाला ते वाचून जाणणे पुरेसे नाही. चार-पाच हजार फुटांच्या वर, पाठीवर पॅराशूट, शेजारी वा मागे जाणता प्रशिक्षक आणि फिरकीस मान्यता असलेले विमान, अशा स्थितीत जो दोन-तीन वेळा गरगरला आहे, त्याचा हात पाचशे फुटांवर दांडा ओढण्यापूर्वीच थबकण्याची शक्यता अधिक. सरावाचा उपयोग तेथे आहे. सुटका हा त्याचा निम्मा भाग झाला.

आपल्याकडे मुलाला पोहणे कसे शिकवीत? पाठीला सुकलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडीत, आणि बाप किंवा काका काठावर लंगोट लावून उभा असे. ज्यांना गावच्या विहिरीला शिवू दिले जात नव्हते त्यांची मुले दुधनेच्या, पूर्णेच्या डोहात शिकली. त्यांच्याही मागे कोणीतरी उभे असेच. नाकातोंडात पाणी गेल्यावाचून कोणी पोहणारा झाला नाही. 'पाण्यापासून दूर राहावे' हा उपदेश चुकीचा नव्हे, पण पूर आला की तो उपयोगी पडत नाही. सरावात माणसे दगावतात म्हणून सरावच बंद करणे आम्हास पटत नाही. भोपळा नीट बांधला होता का, काठावरचा माणूस पोहणारा होता का, हे पाहणे हा त्यावरील इलाज आहे.

मोठी विमाने चालविणाऱ्याला या पोरखेळाची काय गरज, असेही कोणी म्हणेल. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ माणसे गेली. वेगमापक नळ्यांत बर्फ साचल्याने काही काळ वेगाचे आकडे बिघडले. गोंधळलेल्या वैमानिकाने नाक वर ओढले, विमान सुमारे अडतीस हजार फुटांवर स्टॉल झाले, आणि पाण्यावर आदळेपर्यंतच्या तीनसाडेतीन मिनिटांत बहुतेक काळ दांडा मागेच ओढलेला राहिला. ती फिरकी नव्हती, स्टॉल होता. पण हाताची चूक तीच. उंची होती, वेळ होता, दांडा पुढे ढकलावयाचा होता. त्यानंतर जगभर या विषयाचा फेरविचार झाला. युरोपने डिसेंबर २०१९ पासून व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणाऱ्याला पाच तास तात्त्विक आणि तीन तास प्रत्यक्ष विमानातील असे शिक्षण सक्तीचे केले, ज्यात विमान मुद्दाम विपरीत स्थितीत घालून सावरण्यास शिकविले जाते. दोनशे तासांच्या प्रशिक्षणात तीन तास. म्हणजे हे अशक्य नाही, परवडत नाही असेही नाही.

आपल्याकडे यात एक विषमता आहे, ती पालकांनी पाहावी. जो मुलगा किंवा मुलगी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्गे हवाई दलात जाते, तिला हैदराबादजवळ डुंडीगल येथे पिलाटस विमानात फिरकी शिकविली जाते, तीही शासनाच्या खर्चाने. जो बाप शेत विकून वा कर्ज काढून अर्ध्या कोटीच्या घरातील शुल्क भरतो, त्याच्या मुलाला ती मिळेलच असे नाही. अधिक पैसे देणाऱ्याला कमी शिक्षण, असा हा उफराटा व्यवहार. म्हणून पायलट होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही प्रथम पहिली वाट सांगतो. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून राज्य शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे. दहावीनंतर तेथे प्रवेशपरीक्षेद्वारे जाता येते. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला २०२३ मध्ये निघाली. आपल्या शाळेतून तेथे जाण्यास आठवी-नववीपासून गणित व इंग्रजीची तयारी हवी, आणि ती आपण शिक्षकांनी करून घ्यावयाची आहे.

दुसरी वाट ज्यांना घ्यावीच लागेल त्यांनी शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या अभ्यासक्रमाला स्थान मिळालेले आहे, परंतु चालू वर्षाच्या अटी, मर्यादा आणि प्रत्यक्षात किती रक्कम हाती येते हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन पाहावे, दलालाच्या तोंडून ऐकू नये. आणि प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेत गेल्यावर वसतिगृह, जेवण, गणवेश, नोकरीची हमी यांविषयी जेवढे प्रश्न विचाराल, तेवढेच पुढील प्रश्नही विचारावेत. तुमच्या ताफ्यातील कोणत्या विमानाला फिरकीची मान्यता आहे? ते आज उडण्याच्या स्थितीत आहे की हँगरमध्ये उभे आहे? तुमच्या किती प्रशिक्षकांनी गेल्या वर्षभरात स्वतः फिरकी घेतली आहे? आमच्या मुलाला पहिल्या एकट्याच्या उड्डाणापूर्वी काय दाखविणार, आणि परवान्यापूर्वी फिरकी दाखविणार की नाही? तुमच्याकडे विमान नसेल तर दुसऱ्या संस्थेत दोन-तीन तासांची सोय करून देणार का, आणि त्याचे पैसे कोण भरणार?

या प्रश्नांनी समोरचा अधिकारी कदाचित हसेल. परभणीहून आलेला, हातात पिशवी घेतलेला बाप फिरकीविषयी विचारतो आहे, हे त्याला नवे असेल. हसू द्यावे, आणि उत्तर लेखी मागावे.